परीक्षेचं पातेलं

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. कुठे पत्र पाठवायचं झालं तर वडील पोस्टमनलाच ओट्यावर धरून बसवत. अशा घरातल्या मुलानं कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहावं, आणि तेही ‘सामाजिक बांधिलकी’ या विषयावर, हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. सरांनी हे दोन शब्द फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गातल्या हुशार मुलांनी भराभरा थोरामोठ्यांची नावं घेतली. मला मात्र एक पातेलं आठवत होतं. तास संपल्यावर भीत भीत सरांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, “मग पातेल्यावरच लिही.” ते चेष्टेनं म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही. जिथे कंटाळा येईल तिथे वाचकांनी खुशाल पान उलटावं, मी रागावणार नाही.

फाल्गुन अर्धा सरला की सोलापूरचं ऊन एकाएकी वयात येतं. काल ज्या कट्ट्यावर बसून वाचत होतो तो आज दहा वाजताच चटका देतो. कडुनिंबाला बारीक पांढरे तुरे येतात आणि त्यांचा गोडसर वास दुपारच्या धुळीत मिसळतो. गिरणीचा भोंगा होतो, पाळी सुटते, सायकलींचा लोंढा येतो आणि जातो, आणि मग मागावरची खटखट पुन्हा एकटीच ऐकू येत राहते. हे दिवस दोन गोष्टींचे. एका गल्लीत मांडव, दुसऱ्या गल्लीत पाठांतर. बँडवाले दारात तालीम करतात आणि वरच्या खोलीतला मुलगा कानात बोटं घालून इतिहासाची सनावळी घोकतो. लाडवाच्या पाकाचा वास आणि नव्या उत्तरपत्रिकेच्या कागदाचा वास माझ्या डोक्यात एकाच कप्प्यात ठेवलेले आहेत. एक आला की दुसरा आपोआप येतो. यंदाही आला, आणि त्याच्या मागोमाग चन्नप्पा आचारी आले.

चन्नप्पा लग्नकार्यातला स्वयंपाक करायचे. ते आणि त्यांची बायको शांतव्वा, एक पत्र्याची शेड, पुढे मोठं अंगण, आणि अंगणात पालथी घातलेली पातेली. लांबून बघितलं तर कासवं उन्हाला आल्यासारखी वाटायची. दारावर पाटी होती : ‘मंगल कार्यात स्वयंपाक करून मिळेल.’ हल्ली आमच्या पेठेत एकानं ‘केटरर्स’ अशी रंगीत पाटी लावली आहे आणि वाढप्यांना एकसारखे शर्ट शिवले आहेत. काम तेच. पण चन्नप्पांच्या वेळी त्याला असं नाव नव्हतं, आणि ते जे आणखी एक काम करत त्यालाही नव्हतं. कदाचित सरांनी फळ्यावर लिहिलं ते त्याचंच नाव असेल. मला नक्की सांगता येत नाही.

चन्नप्पा भेटले ते वर्ष दुष्काळाचं. आमचं गाव अक्कलकोटच्या अलीकडे. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि भांडणात दोन्ही. त्या वर्षी भांडायलाही कुणाच्या अंगात जोर नव्हता. आई आणि वडील दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. संध्याकाळी आई परत आली की तिच्या लुगड्याला दगडाच्या पिठाचा वास यायचा, आणि ओच्यात माझ्या बहिणीसाठी कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे गूळ घातलेलं भाजकं पीठ, असायची. मी अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होतो. वडील एकदाच म्हणाले होते, “पास झालास तर शीक. न्हाय झालास तर हातोडा हाय.” ते रागानं म्हणाले नव्हते. दोन्ही वाटा दाखवाव्यात तसे म्हणाले होते.

परीक्षेचं केंद्र सोलापुरात. आम्ही गावचे चौदा जण, सोबत आमचे शाळेतले सर. एका शाळेनं मागची खोली उतरायला दिली होती. निघताना आईनं आठवडाभर आधीच भाजून ठेवलेल्या कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून दिली. त्या रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल मिलोच्या होत्या, आपल्या ज्वारीच्या नव्हेत. वाजवल्या तर खापरासारख्या वाजायच्या. शेंगाचटणीची पुडी दिली, आणि एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गिलास. त्याच्या बुडाशी वडिलांनी खिळ्यानं ‘गौ’ असं कोरलं होतं. गौ म्हणजे गौतम, म्हणजे मी. आई म्हणाली, “आपला गिलास आपल्याजवळ असू दे. कुणाच्या भांड्याला लावायला नको, कुणी बोलायला नको.” आमची वस्ती बौद्धांची. आईनं हे किती वेळा ऐकलं असेल आणि कुठे कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

शाळेच्या मागे नळ होता आणि नळामागे बुटकी भिंत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे बसून गिलासात भाकरीचे तुकडे भिजवत होतो. भिंतीवरून आवाज आला, “ए पोरा, भाकरी धुतोयस का भिजवतोयस?”

वर बघितलं तर कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर पंचा आणि हातात माणसाच्या उंचीचा झारा.

“भिजवतोय,” मी म्हणालो.

“किती दिवसांची हाय?”

“आठ.”

“मग आधी धू.” आणि मग एकदम कानडीत, “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झालं का. सोलापुरात आल्यापासून घरच्यासारखं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. शेजारी माझा मित्र रफिक होता. तो म्हणाला, “न्हाय झालं. हे भिजलं की व्हईल.”

“किती जण हायसा?”

“चौदा. सर धरून पंधरा.”

चन्नप्पांनी मान वळवून हाक दिली, “शांता, पंधरा.”

आतून आवाज आला, “पंधरा काय?”

“पोटं.”

“आन् घालणार काय त्यात? झारा?”

“शिधा हाय की.”

शिध्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच उभं होतं. आमच्याकडे लग्न पार पडलं की घरचे लोक आचाऱ्याला मजुरीशिवाय शिधा देतात. ज्वारी, डाळ, गूळ, एक नारळ. तो त्याचा मान. चन्नप्पा तो शिधा शेवटी घेत नसत. परीक्षेच्या दिवसांत काम ठरवतानाच सांगत, “माझा शिधा आधी द्या, आणि माझं एक पातेलं तुमच्या चुलीवर चढंल.” त्या पातेल्यात ज्वारीच्या कण्या शिजत, आणि ते हातगाडीवरून शाळेच्या मागच्या खोलीत जाई. लग्नातलं उरलेलं त्यात कधी पडायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, “उरलेलं दिलं असतं तरी चाललं असतं की, अप्पा.” ते म्हणाले, “उरलेलं कधी मिळतं? सगळ्यांचं झाल्यावर. तुमचा पेपर कधी असतो? मग? आन् आमच्यात ह्येला दासोह म्हणत्यात. दुसऱ्याला घालायचं ते आपल्या वाट्याचं घालायचं.” एवढं बोलून त्यांना बहुतेक लाज वाटली, कारण लगेच त्यांनी हातगाडीवाल्या व्यंकय्याला विनाकारण शिवी दिली.

मी त्यांना देवमाणूस वगैरे म्हणणार नाही. ते चिडके होते. त्यांच्या हातच्या हुग्गीला कुणी नुसतं ‘बरी आहे’ म्हटलं तर दोन दिवस बोलायचे नाहीत. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर. ती नसली तर त्यांच्याकडच्या लग्नाला लग्न म्हणत नाहीत. आणि त्यांना आमच्या प्रश्नपत्रिका ऐकायचा नाद होता. कण्या वाढताना विचारायचे, “आज काय काढलं होतं?” बीजगणिताच्या दिवशी रफिक म्हणाला, “एक्स काढायला सांगितला होता.” “एक्स कोण?” “म्हंजे जे म्हाईत न्हाय ते.” चन्नप्पांनी थोडा विचार केला. “मग आमच्यात मीठ म्हंजे एक्सच की. पाचशे माणसाला किती, कुणाला म्हाईत न्हाय. हातालाच म्हाईत.” सर हसता हसता ठसकले होते.

पातेलं आलं त्या पहिल्या दिवशी शांतव्वा स्वतः वाढायला आल्या. पातेल्यात पळी नव्हती, घाईत राहिली होती. मी भिंतीला टेकून, माझी ताटली आणि गिलास घेऊन सगळ्यांच्या शेवटी बसलो होतो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या हातातून गिलास घेतला. मी म्हणालो, “तो माझा हाय, अक्का.” म्हणजे मला जे सांगायचं होतं ते मी तेवढ्यात सांगितलं. त्यांना ते कळलं असणार. त्यांनी गिलास पाण्यानं खंगाळला, सरळ पातेल्यात बुडवला आणि पहिलं माप सरांच्या ताटात उपडं केलं. मग रफिकच्या, मग सगळ्यांच्या. “एक गिलास कण्या, अर्धा गिलास ताक. ह्येच माप बरं हाय. उद्यापास्नं ह्यो हितंच राहू दे,” त्या म्हणाल्या. मी दिवसभर ओंजळीनं पाणी प्यायलो, आणि मला ते चाललं.

कण्या वाफाळत असताना त्यांच्यावर थंड ताक पडलं की एक विशिष्ट वास सुटतो, आधी शेणानं सारवलेल्या अंगणासारखा आणि मग आंबूस. माझी शाळा, सोलापूर आणि भूगोलाचा पेपर, सगळं त्या वासात आहे. आता मी खानावळीत जेवतो. मालकीण चांगली आहे, भाकरी गरम देते. पण सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी चूल बंद असते, आणि गावाकडून आलेली मुलं त्या दिवशी काय खातात हे आम्ही कुणी एकमेकांना सांगत नाही. मला कधी कधी वाटतं, ज्याच्याकडे एवढी मोठी चूल पेटते त्याला तिच्या उजेडात आपली गल्ली दिसतच असणार. दिसल्यावर पुढे काय करायचं, हे चन्नप्पांनी फार विचार करून ठरवलं नव्हतं. त्यांनी फक्त मान वळवून ‘पंधरा’ म्हटलं होतं.

आता ती चूक. मला हेच लिहायचं होतं आणि हेच लिहायला मी टाळाटाळ करतो आहे.

पाडवा तोंडावर आला होता. बाजारातले एक अडत व्यापारी, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड नातेपुत्याचं. अण्णांनी शिधा आनंदानं आधी दिला होता. चन्नप्पांची एक पद्धत होती : मुलांच्या पातेल्याच्या कडीला ते कडुनिंबाची डहाळी बांधत, म्हणजे व्यंकय्यानं नेमकं तेच उचलावं. झाकणं बांधली की सगळी पातेली सारखीच दिसतात. त्या दिवशी सकाळी नवरीची मावशी चुलीची पूजा करायला मांडवामागे गेली. एकाच पातेल्याला डहाळी आणि बाकीची बोडकी, हे त्या बिचारीला शुभ वाटलं नाही. तिनं सगळ्या पातेल्यांना निंबाच्या आणि आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, वर हळदकुंकू लावलं आणि समाधानानं निघून गेली.

आमचा पेपर दोन वाजता होता. साडेबाराला व्यंकय्यानं पातेलं आणून ठेवलं आणि बँडवाल्यांना पाणी न्यायचं आहे म्हणून तो गाडी घेऊन लगेच पळाला. मी रोजच्यासारखा गिलास घेऊन बसलो. झाकण काढलं, आणि गूळ, वेलदोडा, खसखस, खोबरं यांची वाफ तोंडावर आली.

रफिक म्हणाला, “गौत्या, आज बोर्डाकडनं पार्टी हाय वाटतं.”

सवयीनं माझा हात गेला होता. पहिलं माप रफिकच्या ताटात पडलंसुद्धा होतं. मग मी थांबलो. “ही हुग्गी हाय. आपल्या कण्या लग्नात गेल्या.”

“मग जाऊ देत की,” कुणीतरी म्हणालं. “आपल्यापाशी आलंय ते आपलं.”

सरांनी हातातली ताटली खाली ठेवली. त्यांनाही भूक होती, हे दिसत होतं. “पातेलं परत न्यायचं तर आत्ता न्या,” ते म्हणाले. “पंगत बसली असेल. तुम्ही ठरवा.”

मला शांतव्वांचं घाईत वाढणं आठवलं, आणि हुग्गीबद्दल दोन दिवस न बोलणारे चन्नप्पा आठवले. आज नातेपुत्याच्या पाहुण्यांच्या पानात कण्या पडणार होत्या. उद्यापासून या माणसाला लग्नाचं काम कोण देणार, आणि शिधा नसेल तर पातेलं कुठून येणार? मी म्हणालो, “नेऊ या.” रफिकनं उसासा टाकला. “नेऊ या. पण माझ्या ताटातलं परत जाणार न्हाय, आधीच सांगून ठेवतो.” आणि त्यानं ते दोन घासांत संपवलं.

पातेल्याच्या दोन्ही कड्यांतून एक बांबू घातला. पुढे रफिक, मागे मी. दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या. झाकण खडखडत होतं, गुळाची वाफ नाकात जात होती, आणि वर बारा सव्वाबाराचं नव्हे तर चांगलं तापलेलं एकचं ऊन. वाटेत एका म्हातारीनं बाजूला सरून आम्हाला हात जोडले. बांबू आणि डहाळ्या बघून तिला पालखी वाटली असावी. रफिकनं तिला आशीर्वाद दिला.

मांडवात पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पानांत चटणी, कोशिंबीर, भाजी वाढलेली, आणि गोडाच्या जागी पांढऱ्या कण्यांचा ढीग. तो पहिला ढीग पडला होता नवऱ्याच्या वडिलांच्या पानात. त्यांना नातेपुत्याचे लोक भाऊसाहेब म्हणत होते. मोठं पागोटं, मोठ्या मिशा. अण्णा हात जोडून उभे होते. चन्नप्पा झारा धरून उभे होते आणि त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. एवढी शांतता मी त्यानंतर फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकली.

आम्ही पातेलं खाली टेकवलं. मी म्हणालो, “अप्पा, हे चुकून आमच्याकडं आलं.”

झाकण काढलं गेलं. आत हुग्गीत माझा गिलास रुतलेला होता. काढायचा राहून गेला होता.

अण्णांचे चुलते पानावरूनच वाकून बघत म्हणाले, “ह्यो गिलास कुणाचा?”

“माझा.”

“कुठली पोरं तुमी? कुठल्या वस्तीतली?”

रफिकनं माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता आलं असतं. शहरात मला कोण ओळखत होतं? पण गिलासावर खिळ्यानं माझं नाव होतं, आणि ते वडिलांनी कोरलं होतं. मी माझी वस्ती सांगितली.

चुलत्यांनी चन्नप्पांकडे बघितलं. “आचारी, ही खीर आता वाढणार तुमी?”

चन्नप्पांनी झारा खाली ठेवला. त्यांचा आवाज मोठा नव्हता. “खीर मी केलीय. पोरांनी उपाशी पोटी परत आणलीय. गिलास माझं माप हाय, आठ दिवस त्याच मापानं वाढतोय. ज्याला हवी त्याला वाढतो. ज्याला नको त्याला चटणी-भाकरी हाय.”

चुलते उठले. त्यांच्यामागे पाच-सहा जण उठले. पत्रावळींचा तो सरकण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. अण्णांना कुणामागे जावं ते कळेना; ते अर्ध्या वाटेत उभे राहिले. मला वाटलं, आता वऱ्हाडही उठेल.

भाऊसाहेबांनी तोवर कण्यांमध्ये बोटं घातली होती. एक घास खाल्ला. मग मला विचारलं, “पेपर किती वाजता हाय रे?”

“दोनला.”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. “मग उभा काय राहिलास? बस की हितं.” आणि त्यांनी पागोटं सावरत शेजारी जागा केली. “आन् आचारी, कण्या केल्या त्या केल्या, ताक कुठाय त्यावर? आमच्याकडं कण्या कोरड्या खात न्हाईत.”

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मावशी एका खांबाआडून रडत होती, ती रडता रडता ताक आणायला पळाली. शांतव्वांनी हुग्गीत बुडालेला गिलास उचलला आणि त्याच मापानं भाऊसाहेबांच्या पानात हुग्गी वाढली, मग माझ्या, मग रफिकच्या. रफिकनं पानाकडे नम्रपणे बघितलं, जणू आज प्रथमच गोड दिसत होतं. बाकीच्या मुलांसाठी व्यंकय्या दोन्ही पातेल्यांतलं थोडं थोडं घेऊन धावला. माझ्या एका बाजूला पागोटं होतं आणि दुसऱ्या बाजूला रफिक, आणि मी लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदाच मधे बसलो होतो. हुग्गी कशी झाली होती हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर चन्नप्पांनी विचारलं तेव्हा मी ‘फार चांगली’ म्हणालो. ते माझ्याशी बोलत राहिले, त्यावरून उत्तर पटलं असावं.

पेपरचं मात्र व्हायचं ते झालं. खपली गहू, तूप आणि दुपारचं ऊन. तिसऱ्या प्रश्नावर माझे डोळे मिटले ते पर्यवेक्षकांनी बाकावर टिचकी मारली तेव्हा उघडले. रफिक तर म्हणाला की त्याला संपूर्ण पेपर स्वप्नात सोडवल्याचं आठवतं.

संध्याकाळी मी भिंतीपाशी गेलो. चन्नप्पा पातेली घासून पालथी घालत होते. मी म्हणालो, “अप्पा, आमच्यामुळं…” त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. “तुमच्यामुळं काय? खीर जरा गार झाली, एवढंच.” पण शांतव्वा आतून हळूच म्हणाल्या, “बाजारपेठ त्या चुलत्यांचीच हाय, बाळा.” शेवटच्या पेपरापर्यंत पातेलं रोज आलं. अंगणात मात्र रोज जास्त भांडी पालथी दिसत होती.

निघायच्या दिवशी मी गिलास मागितला नाही. शांतव्वाच म्हणाल्या, “माप माझ्याकडं राहू दे का?” मी हो म्हणालो. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिला हसू आलं. म्हणाली, “बरं केलंस. आपलं भांडं पयल्यांदाच कुणाच्या घरात ऱ्हायलं.”

मी पास झालो. जूनमध्ये कॉलेजात नाव घालायला सोलापूरला आलो आणि पिशवीसकट आधी त्या गल्लीत गेलो. शेडला कुलूप होतं. अंगणात एकही पातेलं नव्हतं, फक्त त्यांचे गोल डाग मातीत उमटलेले होते. पाटीच्या जागी चार खिळे. कुणी म्हणालं अक्कलकोटला गेले, कुणी म्हणालं विजापूरला. बाजारात त्यांना काम मिळेना, हे मात्र सगळ्यांनी सारखंच सांगितलं. मी अक्कलकोटला जाऊन बाजारात विचारून आलो. तिथे त्या नावाचे तीन आचारी होते, तिघेही दुसरेच.

त्याला चार वर्षं झाली. दर फाल्गुनात मी स्वतःशी तोच हिशेब मांडत आलो. आपण पातेलं परत नेलं नसतं तर? गिलास आठवणीनं काढून ठेवला असता तर? वस्ती सांगितली नसती तर? आम्ही नीतीनं वागलो आणि चन्नप्पांची चूल विझली, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षेला गावाकडची मुलं अजून येतात. त्या नळावर बसून काहीतरी भिजवतात. मी एकदा त्यांना शेंगा नेऊन दिल्या. पण मूठभर शेंगा म्हणजे पातेलं नव्हे.

हा लेख इथेच, या उत्तर नसलेल्या जागी संपवायचा असं मी ठरवलं होतं. पण मागच्या आठवड्यात आमच्या खानावळीत एक नवा मुलगा शेजारी बसला. पहिल्या वर्षाला आहे, बाळू नाव, नातेपुत्याकडचा. ताटाकडे बघून म्हणाला, “हितं कण्या कधी करत न्हाईत का? आमच्याकडं मॅट्रिकच्या परीक्षेला रोज असायच्या.”

मी घास खाली ठेवला. “कोण द्यायचं?”

“एक आचारी हाय. इकडचाच, तुमच्या सोलापूरचा. आमच्या भाऊसाहेबांनी लेकाच्या लग्नानंतर बोलावून घेतला म्हणं. त्यांच्याच वाड्यामागं राहतो. लई तापट माणूस. लग्नाचं काम घ्यायच्या आधी पातेल्याचं बोलून घेतो. आन् पेपरात काय आलं ते सगळं सांगावं लागतं.”

“पातेलं कुठलं ते कसं ओळखतो? कडुनिंबाची डहाळी बांधतो का?”

बाळूला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. तो म्हणाला, “डहाळी न्हाय. पातेल्याच्या कडीला एक चेपका जर्मनचा गिलास बांधलेला असतो. त्यानंच वाढतात. बुडाला कायतरी कोरलंय, पण आता घासून घासून नुसती मात्रा उरलीय.”